आठशे त्रेचाळीस कॅप्सूल

चाचणीच्या बाविसाव्या सकाळी टेबलावर चाळीस डब्या होत्या. सुरुवातीला प्रत्येक डबीत बेचाळीस कॅप्सूल भरल्या होत्या. रोज एक, या हिशेबाने एकवीस दिवसांनंतर प्रत्येकीत एकवीस उरायला हव्या होत्या, म्हणजे एकूण आठशे चाळीस. पारखी या यंत्रमानवाने त्या दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा आठशे त्रेचाळीस भरल्या.

"सतरा नंबरच्या डबीत चोवीस आहेत," पारखी म्हणाला.

डब्या पुसायला आलेली ऋता जागच्या जागी थांबली. सतरा नंबरची डबी तिच्या बाबांची होती.

दहा वर्षांची ऋता चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या तळावर बाबांबरोबर राहत होती. पृथ्वीवरून येणारे यान पाच महिने लांबले होते. ऋताची आई त्याच यानाने येणार होती. तळावरच्या बऱ्याच जणांचे कोणी ना कोणी त्यात होते. डॉ. नसीम तांबोळी यांनी सगळ्यांना तपासले. आजारी कोणीच नव्हते, पण चाळीस मोठ्या माणसांना मरगळ (मन थोडे उतरलेले असणे) जाणवत होती. कामे होत होती, गप्पा आटल्या होत्या.

तळाच्या रोपघरात ऋताने वाढवलेली ब्राह्मी होती. "ब्राह्मीनं बरं वाटतं," असे बरेच जण म्हणत. ते खरे आहे का, हे पाहण्यासाठी ही चाचणी होती. वीस डब्यांत ब्राह्मीची पूड होती आणि वीस डब्यांत ज्वारीचे पीठ. कॅप्सूल बाहेरून एकसारख्या हिरव्या होत्या. कोणत्या डबीत काय आहे, हे फक्त पारखीच्या कुलूपबंद स्मृतीत होते.

डॉक्टरांनी बाबांना बोलावले.

"प्रल्हादभाऊ, तीन दिवस गोळी राहून गेली का?"

"नाही हो. दात घासले की लगेच घेतो."

"डबी तर वेगळंच सांगतेय."

"मग डबीलाच विचारा की!"

डॉक्टर हसल्या नाहीत. "नियम तुम्हाला माहीत आहे. तीनदा विसर पडला, तर बाहेरचं काम बंद. अंतराळपोशाखाची एक झडप लावायची राहिली तर? उद्यापासून बर्फखाणीवर दुसरं कोणी जाईल."

खाणीवर जायचे म्हणून ते अजूनही सकाळी सगळ्यांच्या आधी उठत. तेवढे एकच काम ते मनापासून करत होते, हे ऋताला माहीत होते. त्यांनी मान खाली घातली आणि ते दाराकडे वळले.

"बाबा विसरले नाहीत!" ऋता मोठ्याने म्हणाली. "त्या तीन मी घातल्यात."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"बाबांच्या डबीत पीठ असलं तर? म्हणून माझ्याकडची पूड तीन रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरली आणि मिसळून टाकली. निदान तीन दिवस तरी त्यांना खरं औषध मिळेल, असं वाटलं."

"म्हणजे विसरभोळा मी नाही," बाबा म्हणाले. "माझी मुलगीच परस्पर डॉक्टर झाली."

"नसीममावशी, मी चांगलीच वस्तू घातली ना?" ऋताने विचारले.

"चांगली आहे का, तेच तर आपण शोधतोय," डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "समज, बाबांना आता बरं वाटायला लागलं. कशामुळे?"

"ब्राह्मीमुळे."

"किंवा यानाची तारीख कळल्यामुळे. किंवा नुसते दिवस गेल्यामुळे. थोडी मरगळ पुष्कळदा आपोआपच कमी होते. आणि चौथं कारण म्हणजे 'मी काहीतरी घेतोय, आता बरं वाटेल' ही आशा."

"नुसत्या आशेनं बरं वाटतं?"

"वाटू शकतं. म्हणून अर्ध्या लोकांना प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) द्यायची. दिवस सगळ्यांचेच जातात, आशा सगळ्यांनाच असते. दोन गटांत फरक फक्त ब्राह्मीचा. आणि कोणाला काय मिळालंय, हे देणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही, घेणाऱ्यालाही नाही. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. नाहीतर आपल्या माणसासाठी हात वळतोच, तुझा वळला तसा."

ऋताने डोळे पुसले. "मग पीठ खाऊन बरं वाटलं, तर ते खोटं?"

"बरं वाटणं खरंच. कारण मात्र पीठ नव्हे. आणि आणखी एक ऐक. झाडपाला आहे म्हणजे अपाय होणारच नाही, असं नसतं. बाबांना दुसरं काही औषध चालू असतं, तर दोन्ही मिळून त्रास झाला असता. कोणाची मरगळ वाढत गेली, तर मी चाचणी थांबवून वेगळे उपचार करीन."

पारखीने नोंद केली: सतरा नंबर निकालातून वगळला. बाबांचे खाणीवरचे काम चालू राहिले. ऋताला मात्र डब्यांच्या खोलीत पाऊल टाकायची मनाई झाली; तिचे काम आता फक्त रोपघरात.

त्या संध्याकाळी बाबा रोपघरात आले आणि वाफ्याच्या कडेला बसले.

"न विचारता गोळ्या घातल्यास. त्यापेक्षा मला विचारायचंस ना, 'बाबा, कसं वाटतंय?'"

"कसं वाटतंय?"

बाबांनी वाफ्यातली माती चिमटीत घेतली. "खाणीच्या तोंडाशी उभं राहिलं की पृथ्वी दिसते. तुझ्या आईला हाक मारावीशी वाटते, आणि मग आपलंच हसू येतं. हे कोणाला सांगणार?"

"मला सांगा," ऋता म्हणाली. बाबा दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बसायला दोन रिकाम्या पेट्या आणल्या.

चाचणी संपण्याच्या आदल्या दिवशी ऋताने डॉक्टरांना विचारले, "दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं, तर ते दिवसांमुळे की आशेमुळे, हे कसं कळणार?"

"या चाचणीतून नाही कळणार. त्यासाठी तिसरा गट लागेल, काहीच न घेणारा."

"येणाऱ्या यानात साठ माणसं आहेत. वीस, वीस, वीस. डब्यांना या वेळी मी हात लावणार नाही."

"तू आराखडा लिही. मी तपासते."

बेचाळीस दिवस पूर्ण झाले. सुरुवातीला भरलेली मरगळीची प्रश्नावली सगळ्यांनी पुन्हा भरली. शून्य म्हणजे मरगळ अजिबात नाही, तीस म्हणजे सर्वांत जास्त. पारखीने स्मृतीचे कुलूप उघडले आणि आकडे वाचले.

ब्राह्मी घेणारे वीस जण: सरासरी १३.६ वरून ९.२.

पीठ घेणारे एकोणीस जण: सरासरी १३.४ वरून ९.१.

दोन्ही गटांची मरगळ जवळजवळ सारखीच उतरली होती; आणि पिठाच्या गटात एक जण कमी, म्हणजे सतरा नंबरच्या डबीत पीठच होते, हे ऋताच्या लक्षात आले.