टेंभीवरची डांगी जोडी

साहेब, तुम्ही खोटं बोललात! भर सभेत, माईकवर, फेटा बांधून खोटं बोललात. "टेंभीच्या डोंगरावर आता एकही जनावर राहिलेलं नाही," असं तुम्ही सांगितलंत आणि स्टेजवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच वेळी टेंभीवर आमचे बैल जिवंत होते. काठावर उभं राहिलं की वाऱ्याबरोबर त्यांचं हंबरणं यायचं. तुम्हाला नाही आलं. तुमच्या मोटारीच्या काचा वर होत्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भंडारदऱ्याचं धरण जुनं, इंग्रजी अमलातलं. तुमचं हे धरण त्याच्याही पलीकडच्या डोंगरातलं, नवं. एकाहत्तरच्या पावसाळ्यात यात पहिल्यांदा पाणी अडवलं. टेंभीला गावाशी जोडणारी एकच खिंड; "खिंडीपर्यंत पाणी यंदा येत नाही," असं तुमच्या माणसांनी घरोघर सांगितलं, म्हणून आम्ही गुरं टेंभीवर चरायला ठेवली. एका रात्रीत खिंड बुडाली! टेंभीचं बेट झालं. काही गुरं पोहून आली, काही बुडाली, उरलेली वरच अडकली.

त्यांत हरण्या आणि चांद्या होते. माझ्या थोरल्या वहिनीची, साळूबाईची, डांगी जोडी. भाऊ वारल्यावर तिनं स्वतः कासरा धरून भातखाचरं चिखलली ती याच जोडीवर. खाचरं बुडाली. बदल्यात तुम्ही पठारावर मुरमाड तुकडा दिलात आणि वर दम दिलात, येत्या पावसाला पेरला नाही तर परत घेऊ! बैलावाचून मुरूम कोण फोडणार? शेजाऱ्याचे मागावेत तर सगळ्यांचेच बुडालेले. तुमची मोटरलाँच मागायला वहिनी तीनदा आली. "ती साहेबलोकांना फिरायला आहे," असं उत्तर मिळालं.

पौष उजाडला. टेंभीवरचं गवत वाळून कोळ झालं असणार. वहिनी म्हणाली, "रंगनाथ, लाँच गेली खड्ड्यात. बाबाजानला बोलीव."

बाबाजान आमच्याच गावचा मुलाणी. पोरवयात घाट उतरून कोकणात पळाला, हर्णैच्या गलबतांवर अर्धं आयुष्य खलाशी म्हणून काढलं आणि केस पिकल्यावर परत आला. पाणी अडल्याबरोबर त्यानं होडी बांधायला घेतली. सगळा तालुका हसला, डोंगरात गलबत! त्यानं मांजरपाटाचं शीड शिवलं, ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून लाल केलं आणि डोलकाठीला चढवलं. मग हसणारेच त्याच्या होडीतून पलीकडच्या वाड्यांना जाऊ लागले. त्या होडीवरच त्याचं पोट होतं.

"येतो," तो म्हणाला. "पन एक ध्यानात ठेवा. टेंभीवर वाघ हाय. आपल्या गुरांवानी तोबी अडकलाय. उतरून मुक्काम न्हाई करायचा. निजायचं, रांधायचं, खायाचं, सगळं होडीत."

आम्ही तिघं निघालो.

बुडालेली रानं चुकवत लांबचा वळसा घालावा लागला, पण तो पहिला दीड दिवस मी जन्मात विसरणार नाही. घमेल्यात माती थापून वहिनीनं चूल केली. तिच्यावर नागलीच्या भाकरी आणि बाबाजाननं गळानं धरलेले मासे. दुपारी काठचा काळा कातळ तव्यासारखा तापायचा आणि त्यावरून येणारा वारा उबदार लागायचा. लाल शीड फुगायचं, होडी पाणी कापत डोंगरांच्या पायाखालून सरकायची, आणि मी, जन्माचा नांगऱ्या, पाय पसरून आभाळाकडे बघत पडायचो. वहिनी मात्र पाण्यात बघायची. खाली आमचं गाव होतं.

सांजेला बाबाजान ओरडला, "रंगनाथ, नांगर टाक!"

"आगं बया," वहिनी म्हणाली, "बैल गावायच्या आदीच नांगर?"

बाबाजान इतका हसला की त्याच्या हातची चिलीम पाण्यात गेली. "वहिनी, दर्यावर असतीस तर तुझ्यासाठी खलाशांनी भांडनं केली असती!"

"तोंड सांभाळ मेल्या. चिलीम गेली ती बरी झाली."

दुसऱ्या दिवशी टेंभी समोर दिसली आणि त्याच क्षणी घात झाला. होडीखालून कर्र्र आवाज आला. बुडालेल्या आंब्याचा शेंडा! डाव्या अंगाची फळी फाटली, पाणी आत उसळलं. मी हांड्यानं उपसू लागलो. वहिनीनं लुगड्याचा पदर फाडला, बाबाजाननं तो डांबरात बुडवून फटीत कोंबला. पाणी थांबलं नाही, पण झिरपण्यावर आलं.

"डावं अंग आता कमजोर," बाबाजान म्हणाला. "तिकडं वझं नको."

हे वाक्य आम्हाला मारणार होतं.

टेंभीला आम्ही काठाकाठानं वळसा घातला. काय सांगू साहेब! सापळेच सापळे. बरगड्या फोडलेल्या म्हशी, अर्धं खाल्लेलं वासरू, त्यांवर गिधाडांची मारामारी. वास असा की वहिनीनं उरलेला पदर नाकातोंडावर दाबला. ओल्या मातीत वाघाचे पंजे. बिबळ्याच, पण आमच्याकडे त्यालाही वाघच म्हणतात. आमची जोडी कुठंच नाही. वहिनी दर वळणावर हाक मारायची आणि डोंगर तीच हाक परत करायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी करवंदीच्या जाळीतून दोन माथी वर आली.

"हरण्या! चांद्या! या रं माज्या वाघांनू!"

ते आले. धावत नाही, अडखळत आले. हाडांवर कातडं टांगलेलं. चांद्याच्या पुठ्ठ्यावर पंजाच्या जुन्या खुणा. दोघांनी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून रात्री काढल्या असणार, म्हणून तर उरले! वहिनी उडी मारून काठावर गेली, दोघांच्या माना कवटाळल्या आणि लगेच गळ्यात दोर घातले. रडायला तिला वेळ नव्हता.

वाघालाही नव्हता.

जाळी हलली. पिवळा पट्टा सुटला तो थेट चांद्याच्या मानेवर! चांद्यानं शिंगं खाली घातली. वाघ हुकला, घसरला, फिरला आणि होडीतून उतरून समोर आलेल्या बाबाजानवर पडला. दोघं चिखलात लोळले. "या अल्ला!" खांद्याचं मांस लोंबू लागलं. मी होडीतलं चुलीचं पेटतं घमेलं उचललं आणि निखाऱ्यांसकट वाघाच्या तोंडावर फेकलं. तो गुरकावून मागे झाला. तेवढ्यात वहिनीचा कोयता बसला! नाकाडावर, आडवा. रक्ताची चिळकांडी तिच्या कपाळावर आली. ती मागे हटली नाही. तिनं दुसऱ्यांदा कोयता उगारला तेव्हा वाघ जाळीत शिरला.

गेला नाही. आतून त्याची घरघर येतच होती.

"चला! चला! बैल पान्यात घाला!" बाबाजाननं एका हातानं सुकाणू धरलं. दुसरा हात मी त्याच्याच मुंडाशानं बांधला. "जड बैल उजवीकडं! डावी फळी फाटलीय!"

जड म्हणजे चांद्या. आम्ही त्याला उजव्या अंगाला बांधलं, हरण्याला डाव्या. बैल पोहतात; नाक पाण्याबाहेर राहील एवढं मानेला धरलं की झालं. शीड चढलं. टेंभी मागं पडू लागली.

शंभर हातही गेलो नसू. बैल बिथरले! हरण्या होडीच्या पुढून उजवीकडे घुसू लागला. चांद्या डावीकडे रेटू लागला. दोघांच्या मध्ये होडी सुपारीसारखी अडकित्त्यात सापडली. उजवा काठ पाण्याखाली गेला. भाकरी, हांडा, घोंगड्या, सगळं वाहिलं. मी चांद्याला वल्ह्यानं हाणलं.

"मारू नको!" वहिनी किंचाळली. "आरं, बाजू चुकली! सात वर्सं हरण्या उजव्या अंगाला चाललाय. त्ये आपापली जागा हुडकत्यात!"

काठावर नेऊन बदलावं तर काठावर वाघ. वहिनीनं कासोटा कसला आणि पाण्यात उडी घेतली. चांद्याचा दोर तिनं सोडला, शिंग धरलं आणि त्याला होडीच्या मागून वळवून डावीकडे आणलं. दोनदा ती पाण्याखाली गेली. दोनदा वर आली, शिंग न सोडता! मी हरण्याला पुढून उजवीकडे घेतलं. दोघं आपापल्या जागी आले मात्र, अंग सैल सोडलं, माना लांब केल्या आणि संथ पोहू लागले. मध्ये होडी, दोन्हीकडे बैल.

"मी चाळीस साल दर्या बघितला," बाबाजान दात आवळून म्हणाला. "आसं कंदी बघितलं न्हाई."

"त्वा बैल कंदी बघितले न्हाईस," वहिनी म्हणाली. होडीत चढून ती ओल्या अंगानं फाटकी फळी पाठीनं दाबून बसली होती.

पलीकडचा काठ दिसू लागला. माझ्या मनात आलं, जिंकलो!

आणि पाणी चालू लागलं.

वारा नव्हे. पाणीच! सगळा तलाव जणू कुणीतरी एका अंगाला कलता केला. होडी आडवी झाली आणि धरणाच्या भिंतीकडे ओढली जाऊ लागली. भिंतीवर पताका दिसत होत्या, माणसांची गर्दी दिसत होती. आणि भिंतीपलीकडून पांढरे फवारे उठत होते. दरवाजे उघडले होते! पावसाळा नाही, पूर नाही, भर पौषात! भोंगा वाजला नाही. एकदाही नाही.

"शीड फिरव!" बाबाजान ओरडला.

मी दोर ओढला. होडी कुठल्याशा बुडालेल्या झाडाला धडकली. कडाड! डोलकाठी मुळातून मोडली. शीड आमच्या अंगावर कोसळलं. मी त्याखालून बाहेर आलो तोवर भिंत दुप्पट मोठी झाली होती. पाण्याची गर्जना कानात मावत नव्हती.

"दोर काप, रंगनाथ! बैल सोड! वझं गेलं तर वल्हवून निघू!"

मी कोयता उचलला. वहिनीनं माझं मनगट धरलं.

"आदी माजा हात तोड."

"वहिनी, मरशील!" बाबाजान गरजला.

"मरंन! पन ह्ये वझं न्हाई, बाबाजान. ही जोडी हाय. तू हिला जुंपली कुटं?"

तिनं मोडकी डोलकाठी ओढली, होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, आडवी टाकली आणि दोन्ही बैलांचे दोर तिच्या दोन टोकांना आवळले. डावीकडे चांद्या, उजवीकडे हरण्या, मध्ये होडी. जू झालं! मग ती नाळेवर गुडघे रोवून बसली, दोरांच्या उरलेल्या टोकांचा कासरा दोन्ही हातांत घेतला आणि खाचरात घालायची तीच आरोळी घातली.

"हुर्रर्र! चल रं हरण्या! चल चांद्या!"

बैलांनी माना टाकल्या. दोर ताणले. लाकूड करकरलं.

"भिंतीपासून मागं नको ओढू!" बाबाजाननं सुकाणूवर छाती टाकली. "पान्याशी भांडू नको! आडवं काढ! काठाकडं, आडवं!"

आडवं म्हणजे काय, ते वहिनीला सांगावं लागलं नाही. तिनं डावा कासरा खेचला. मी वल्हं मारत होतो की देव आठवत होतो, मला सांगता यायचं नाही. एक हात पुढे, चार हात भिंतीकडे. एक हात पुढे, तीन हात भिंतीकडे. हरण्याच्या नाकातून रक्त येत होतं. चांद्याचं तोंड पाण्याखाली जायचं, वर यायचं, पुन्हा जायचं. वहिनीच्या तळहातांची सालं निघाली. फाटकी फळी सुटली! पाणी मांडीपर्यंत आलं. "हुर्रर्र!" तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही.

चांद्याचे खूर टेकले.

बैलानं तळ ओळखला आणि जो हिसका दिला त्यानं आम्ही तिघंही कातळावर फेकलो गेलो. डोलकाठी दोरांसकट बैलांपाठोपाठ बाहेर आली. हरण्या दोन पावलं चालला आणि बसला. जिवंत होता! वहिनी त्याच्या तोंडाशी कोसळली आणि तोंडानं त्याच्या नाकातलं पाणी ओढून थुंकू लागली.

होडी मात्र आमच्या हातून सुटली. पाण्यानं ती पुन्हा आत ओढली. लाल शीड मागं फरफटत होतं. बाबाजान रक्तानं न्हालेला, एका हातानं कातळ धरून बघत राहिला. त्याची पोटाची भाकर भिंतीकडे चालली होती. दरवाज्यात ती उभी राहिली, क्षणभर अगदी सरळ, आणि फवाऱ्यात तिच्या काटक्या झाल्या.

भिंतीवर टाळ्या वाजल्या! बँड वाजला. त्या गर्जनेतूनही आम्हाला ऐकू आलं. नंतर कळलं की तुमच्या मोठ्या पाहुण्यांना पाणी उडताना बघायचं होतं, म्हणून तुम्ही भिंतीवर उभं राहून दरवाजे उघडवले होते.

बैल वाचले, साहेब. मुरूम नांगरला जाईल, तुमचा तुकडा तुम्हाला परत मिळणार नाही. बाबाजानचा हात आता खांद्याच्या वर उठत नाही. होडीची भरपाई त्यानं मागितली तर "बिनपरवाना होती" म्हणून तुम्ही हाकललंत. तेही राहू द्या. त्याचं आम्ही तिघं बघून घेऊ.

मला फक्त एवढंच सांगा. शिडाची होडी दरवाज्यात शिरताना तुम्ही भिंतीवरून डोळ्यांनी बघितलीत आणि टाळ्या वाजवल्यात. ती रिकामी आहे, हे तुम्हाला कसं ठाऊक होतं?

उत्तर द्या!