शून्याच्या जागी

मिरजेच्या बोधतरंग प्रयोगशाळेत त्या दिवशी चार वाजता डॉ. शलाका मगदूम स्वतःच्या मेंदूत एक लहर सोडून घेणार होती. लहरीचं नाव अर्थलहर, आणि तिचा शोधही शलाकाचाच.

'जगण्याला अर्थ आहे' असं मनापासून सांगणारी माणसं तिने वर्षभर शोधून आणली होती. त्यांच्या डोक्यावर शिरोजाळी चढवून मेंदूतले सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह टिपले होते. कुंभार, परिचारिका, निवृत्त फौजदार, सगळ्यांच्या मेंदूत एकच लहर उमटत होती, अगदी आकारासकट एकच. विज्ञानजगतात मोठा गाजावाजा झाला. आता टिपलेली लहर दुसऱ्याच्या मेंदूत पेरायची, म्हणजे लहररोपण करायचं. ते पहिल्यांदा कुणावर, हा प्रश्न शलाकाने कुणाला विचारू दिला नव्हता.

कारण तिला ते हवं होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुरस्कार घेऊन घरी परतलेली ही बाई कुलपाला किल्ली लावून तशीच उभी राहिली होती. आत कशासाठी जायचं ते आठवेना. सवयीने देवापुढे दिवा लावी आणि कुणापुढे लावला ते न कळून बाजूला होई. दर शनिवारी काशीविश्वेश्वराच्या देवळात सच्चिदानंदबुवा आष्टेकरांच्या कीर्तनाला मागच्या रांगेत बसे. भोवतीची माणसं डोळे पुसत, हिचे कोरडेच. बुक्का लावायला कुणी यायच्या आत ती चपला शोधत असे.

रोपणाआधीच्या शेवटच्या पडताळणीसाठी तिने बुवांनाच बोलावलं. त्यांची लहर सर्वांत उंच निघणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

पडद्यावर रेघ सपाट होती.

"बुवा, झोपलात का हो?" तिचा सहकारी डॉ. इरफान मुजावर म्हणाला.

"झोपलो असतो तर घोरलो असतो. आमच्या हिला विचारा, गल्ली जागी होते."

इरफानने जाळी नीट बसवली. रेघ हलेना. शेवटी त्याने भीतभीतच सांगून टाकलं, "बुवा, यंत्राला तुमच्यात काही सापडत नाहीये."

बुवा दाढीवरून हात फिरवत राहिले. "त्याचं चुकत नसेल," ते म्हणाले. "लोक माझ्यापुढे रडतात, पायांवर डोकी ठेवतात. मी घरी येतो, आढ्याकडे बघत पडतो. म्हणतो, आज हाका मारल्या त्या कुणाला? पोचल्या का? वीस वर्षं झाली, बाई. कुणाला सांगणार?"

शलाका रोपणयंत्राकडे वळली. जिथून थोडीफार ऊब मिळत होती, तिथेही आग नव्हतीच तर. "इरफान, चार वाजेपर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच कर."

"जरा दम धर. बुवांना गाऊन बघू दे. गाताना उमटेल कदाचित." इरफानने मोबाइलवर तंबोरा लावला.

बुवांनी घसा साफ केला आणि थांबले. "हा सूर कुणाचा? मी आता काळी एकला गातो. या सुरात ओढून ताणून गायलो तर बेसूर मीच ठरणार, तुमचा तंबोरा नाही."

इरफान सूर खाली आणू लागला. शलाका मात्र जागच्या जागी थबकली होती.

"इरफान, आपल्या यंत्राचा सा कुणाचा आहे?"

"म्हणजे?"

"पायारेघ. कुणाची घेतली होती?"

इरफानची बोटं थांबली. बुवांना काही कळेना, म्हणून तिनेच सांगितलं, "प्रत्येक नोंदीत यंत्राचा, भोवतीच्या विजेचा गोंगाट मिसळतो, बुवा. तो वगळायला एक कोरा मेंदू लागतो. त्याची रेघ शून्य धरायची आणि प्रत्येकाच्या रेघेतून वजा करायची. उरेल ते खरं."

"आणि कोरा मेंदू मिळाला कुठे?"

"मी म्हटलं होतं, माझाच घ्या. माझ्यात काही नाहीच."

"मी हसलो होतो," इरफान हळूच म्हणाला. "आणि घेतला होता."

संवेदक तपासायला मिठाच्या पाण्याचं जेल भरलेलं एक कृत्रिम डोकं कपाटात होतं. इरफानने जाळी त्याला चढवली, ती रेघ शून्य धरली आणि साठवलेल्या साऱ्या नोंदी नव्याने मांडल्या. कुंभार सपाट. परिचारिका सपाट. फौजदारही सपाट. मग बुवा आले, आणि पडदाभर लाट उसळली. शेवटी शलाका. तीच लाट, तितकीच उंच.

"आपण त्यांच्यात बघत होतो ती तुझीच लहर," इरफान म्हणाला. "सपाटातून तुझी वजा केली की तुझीच उरते, उलटी होऊन. म्हणून तर सगळ्यांची सारखी. आणि बुवांची तुझ्यासारखीच, म्हणून वजा होऊन गेली."

"मग ही अर्थाची लहर नव्हेच."

"नाही. शोधाची. ज्यांचं भागलंय, त्यांच्यात ती कशाला उठेल?"

"आणि आज ती उलटी माझ्यात सोडली असती तर?"

"दोन्ही लहरींनी एकमेकींना खाऊन टाकलं असतं. तू शांत झाली असतीस, कुंभारासारखी." तो घुटमळला. "अजूनही सोडता येईल, शलाका. तुला शांतीच हवी होती ना."

खरंच हवी होती. तिने रोपणयंत्राकडे पाहिलं. एक कळ दाबायची, की कुलूप उघडून सरळ आत जाता येईल.

"बुवा, तुम्ही घ्याल?"

"मी?" बुवांनी दचकून डोक्यावरची टोपी धरली. "ते काढलंत तर मी गाऊ काय? एवढी ओढ आहे म्हणजे दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरलंय."

"दोरी नुसती खुंटीलाही बांधलेली असू शकते."

"असेल. मग खुंटी कुणी ठोकली ते बघू. तोवर ओढायचं."

इरफान हसला. शलाकाला हसू आलं नाही, पण तिने हात पुढे करून रोपणयंत्राची वीज बंद केली. छातीतली तगमग होती तिथेच होती, उलट वाढल्यासारखी.

"मला आज झोप नाही यायची, बुवा."

"मला कुठे येते?" बुवा खुर्चीतून उतरत म्हणाले. "शनिवारी माझ्यामागे झांजेला माणूस नाहीये. धराल?"

"मला ताल कळत नाही."

"चुकलं तर मी सांभाळून घेईन. मधेच थांबू नका म्हणजे झालं."

तिने कृत्रिम डोक्यावरची जाळी उतरवून ठेवली.

"किती वाजता येऊ?"