ना हरकत

परवान्याच्या फाइलीत चौतीस जोडपत्रं असतात. जमिनीचा सातबारा, पाण्याचा अहवाल, वाऱ्याची दिशा, भूकंपाचा इतिहास, आग लागली तर कोण कुठून बाहेर पडेल याचा नकाशा. एकोणतिसावं जोडपत्र म्हणजे ग्रामस्थांचं ना हरकत पत्र. बाकीची तेहतीस मी टेबलाशी बसून तयार केली. हे एक तेवढं दारोदार फिरून आणायचं होतं.

कंपनीला आमच्या सोनजवळग्याच्या माळावर डिप्लीटेड युरेनियमचा कारखाना काढायचा होता. नाव ऐकूनच लोकांच्या पोटात गोळा येतो, म्हणून सांगतो. कामाचा भाग काढून घेतल्यावर जे युरेनियम उरतं, ते हे. शिशापेक्षा जड असतं. दवाखान्यातल्या यंत्रांभोवती किरणं अडवायला त्याचं कवच करतात. मी नांदेडला एम.एस्सी. झालो, मुंबईला किरणोत्सर्ग सुरक्षेचा कोर्स केला, आणि कंपनीने मला घेतलं ते दोन कारणांनी. मला किरणं मोजायचं मीटर वाचता येतं, आणि मी निलंगा तालुक्यातल्या याच गावचा आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं, हे माझ्या टाळक्यात उशिरा शिरलं.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. हे सगळं घडलं तेव्हा कंपनीचं युरेनियम गावात ग्रॅमभरही आलेलं नव्हतं. माळावर तारेचं कुंपण होतं, पाटी होती आणि बाभळी होत्या.

तेव्हा लुंबिनीला, माझ्या बायकोला, सातवा महिना चालू होता. याआधी दोनदा पाचव्यातच गेलं होतं. त्यामुळे सातवा लागल्यापासून आम्ही घरात हळू बोलायचो, भांडंसुद्धा आपटायचो नाही. सकाळचा चहा झाला की ती भिंतीला टेकून बसायची आणि बाळ किती वेळा हललं ते बोटांवर मोजायची. दहा झाले की मला दोन्ही पंजे दाखवायची. ते पंजे बघितल्याशिवाय मी चपला घालत नव्हतो. मला जगात त्या दहाखेरीज काही नको होतं. नोकरी कायम झाली की लातूरला दवाखान्याजवळ खोली घ्यायची, एवढ्यासाठी मी सह्या गोळा करत फिरत होतो.

ग्रामपंचायतीच्या दारावर नोटीस लागली होती. कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा हरकत नाही असे समजण्यात येईल. ग्रामसभेचा ठराव झाला होताच, पण कंपनीला घरटी सही हवी होती. एक्केचाळीस घरं. मी प्रत्येक दारात आधी मीटर धरायचो, आकडा लिहायचो, मग कागद पुढे करायचो. मीटर मंद टिकटिकायचं. आमच्या काळ्या दगडाच्या मुलखात आकडा शून्य दशांश शून्य सातच्या आसपास येतो. हा माती, दगड आणि आभाळाचा रोजचा हिशेब. तो कुठंही असतोच.

पहिली सही शेषेराव काकांची. त्यांचे हात सहा-सात वर्षांपासून कापायचे. कप ओठाला लावला तर निम्मा चहा धोतरावर जायचा. त्यांनी कशीबशी वळवळती सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, केवळाबाईने मला वाटेत अडवलं.

‘तुज्या काकांचा हात थांबला बग. सकाळपासून कंप न्हाई. कागुद लई गुणाचा निघाला बग तुजा.’

मला बरं वाटलं. एकाचं पाहून दहा जण सहीला तयार झाले, याचं जास्त बरं वाटलं, हेही कबूल करतो.

आठवड्याने पुन्हा मोजणी करायची होती. शेषेराव काकांच्या दारात मीटर धरलं तर टिकटिक नाही. आकडा शून्य. मी सेल बदलले. दुसरं मीटर आणलं. तपासणीसाठी किरणं देणारी एक लहानशी टिकली आमच्याकडे असते, तिच्यावर धरलं की मीटर व्यवस्थित बोलायचं. दारात धरलं की गप्प. मी माझ्या वहीत ‘उपकरणात बिघाड’ असं लिहिलं. शून्य येत नसतं. शिशाच्या पेटीत बसलात तरी येत नाही.

‘काका, बरे आहात ना?’ मी विचारलं.

ते ओट्यावर बसले होते. हात मांडीवर.

‘हरकत न्हाई,’ ते म्हणाले.

दुपारी परत आलो तेव्हा ते तसेच बसलेले. सावलीतून ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण सरकले नव्हते. दारातल्या लिंबाखाली बैल उभे होते. त्यांच्या डोळ्यांच्या कडेला माश्या बसल्या होत्या. बैल शेपटी हलवत नव्हते आणि माश्याही उडत नव्हत्या. वारा होता, कारण रस्त्यापलीकडची तूर सळसळत होती. लिंबाचं पान हलत नव्हतं.

मी तूर बघितली, लिंब बघितला, आणि बघितलंच नाही असं ठरवून पुढच्या घरी गेलो. असं ठरवता येतं. मी तीन आठवडे ठरवलं. सही झालेल्या घरांमधून मीटर गप्प होत गेलं. माणसं मेली नाहीत की आजारी पडली नाहीत. विचारलं तर बोलायची, ताट पुढे केलं तर जेवायची. फक्त आपणहून उठायची नाहीत. संध्याकाळी चावडीवर कुणी येईनासं झालं. एक्केचाळीस घरांच्या गावात भांडण ऐकू येईना, आणि आम्ही कंपनीवाले त्याला शांतता म्हणत होतो.

एक्केचाळिसावं घर माझं होतं.

कंपनीचे मॅनेजर आदिनाथ यांचा लातूरहून फोन आला. ‘आनंदराज, फाइल उद्या जातेय. तुमच्याच घरचा कागद नाही, हे बरं दिसत नाही. कायमची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे.’

जमीन माझ्या आईच्या, सरजाबाईच्या नावावर. मी ओसरीवर कागद मांडला. कुटुंबातील सदस्यांची संख्या, असा रकाना होता. मी तीन लिहायला लागलो तशी आई म्हणाली, ‘चार ल्हे.’

‘माय, अजून यायचंय ते.’

‘पोटातलं धरत्येत आपल्याकडं. मागच्या दोन टायमाला धरलं न्हाई, म्हून राहिलं न्हाई. धर तू त्याला.’

एम.एस्सी. झालेल्या माणसाने काय करायला हवं होतं, ते मला माहीत आहे. पण लुंबिनी पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी चार लिहिलं. चौथ्या नावापुढे ‘बाळ’ लिहिलं. लिहिताना छान वाटलं मला. आईने अंगठा उठवला, आम्ही दोघांनी सह्या केल्या. कागद उचलला तेव्हा चौथ्या चौकटीत जांभळ्या शाईचा मसुराच्या दाण्याएवढा डाग दिसला. शाईच्या पॅडचा डाग लागला असेल म्हटलं. फोटो काढून आदिनाथना पाठवला.

सकाळी चहा झाला. लुंबिनी भिंतीला टेकून बसली. नऊ वाजले, दहा वाजले. तिने पंजे दाखवले नाहीत. एक बोटसुद्धा मुडपलं नव्हतं.

मी दानम्माला बोलावून आणलं. गावची जुनी सुईण. तिचं माहेर कर्नाटकातलं, उभा जन्म बाळंतपणं करण्यात गेलेला. तिने हात पुसले, पोटावर ठेवले आणि डोळे मिटून खूप वेळ बसली.

‘तम्मा,’ धाकट्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली, ‘हरकत न्हाई.’

माझा जीव भांड्यात पडला. मी हसलोसुद्धा. ‘मग बरंय की!’

‘बरं कुटलं?’ तिने हात काढला नाही. ‘हरकत न्हाई म्हन्ते मी. बिदरच्या दवाखान्यात बारा वर्सं होते. तिकडं लेकरू पोटात हललं का त्याला हरकत म्हन्तेत. ह्येला हरकतच न्हाई. हलंना हे.’

कोपऱ्यात माझी पिशवी होती. तिच्यात त्या एका शब्दाचे एक्केचाळीस कागद होते.

लातूरला पोचेपर्यंत दुपार झाली. आई मागेच राहिली. चल म्हटलं तर ओसरीवरून ‘हरकत न्हाई’ म्हणाली आणि उठली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मशीन लावलं. कागदाच्या पट्टीवर दोन रेघा होत्या. ठोक्यांची वरची रेघ चालू होती, पण मंदावत होती. हालचालीची खालची रेघ सरळ होती, पट्टीने ओढल्यासारखी.

‘सहापर्यंत बघू,’ डॉक्टर म्हणाले. ‘नाहीतर काढावं लागेल. वजन फार कमी आहे, आशा देत नाही.’

मी लुंबिनीचा हात धरला. मागच्या दोन्ही वेळी तिने अख्खा वॉर्ड रडून जागवला होता. आता ती छताकडे बघत होती.

‘हरकत न्हाई ओ,’ ती म्हणाली.

त्या वाक्याने मी जेवढा घाबरलो तेवढा कधीच घाबरलो नव्हतो.

आदिनाथना फोन लावला. आमच्या घरचं पत्र परत घेतो म्हणालो.

‘सादर झालं. परत घेता येत नाही,’ ते म्हणाले. ‘हरकत असेल तर जिल्ह्याच्या कार्यालयात नोंदवा. आज तिसावा दिवस आहे. आणि नोंदवलीत तर उद्यापासून कामावर येऊ नका.’

साडेपाच वाजले होते. कार्यालय सव्वासहाला बंद होतं. रिक्षाने दहा मिनिटं.

मी बाकावरून उठलो नाही.

उठायचं होतं. पाय होते, त्यांत बळही होतं. फक्त उठण्याचं काही कारण दिसेना. बसल्या जागी माझा गुडघा सतत हलतो, शाळेपासूनची खोड. मी खाली बघितलं. गुडघा थांबलेला होता.

समोरच्या घड्याळात पाच चाळीस झाले. मग पन्नास.

मी लुंबिनीसारखं बोटांवर मोजायला लागलो. एक बोट मुडपलं. दुसरं. दहाव्याला उभा राहिलो. पुन्हा एकपासून दहा, की एक पाऊल; असं करत रिक्षा गाठली.

कार्यालयाच्या पायऱ्या अकरा होत्या.

खिडकीत उमादेवी नावाची पाटी लावलेल्या बाई पर्स आवरत होत्या. घड्याळात सहा दहा.

‘हरकत नोंदवायची आहे,’ मी म्हणालो. शब्द तोंडातून ओढून काढावा लागला.

‘छापील नमुन्यातच लागते.’ त्यांनी खण उघडला. ‘हा एकच उरलाय. आणि एका अर्जावर एकच हरकतदार. कोणाची हरकत?’

आई ओसरीवर बसली होती. लुंबिनी छताकडे बघत होती. मी स्वतः एका हाताने खिडकीची जाळी धरून उभा होतो.

‘बाळाची,’ मी म्हणालो.

‘नाव?’

‘बाळ.’

‘वय?’

‘सात महिने.’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण लिहिलं. बाईमाणूस, समजल्या असाव्यात. ‘सही पालक म्हणून तुम्हीच करा,’ म्हणत त्यांनी अर्ज फिरवून माझ्यापुढे केला आणि थांबल्या.

‘अंगठा झालाय की.’

सहीच्या चौकटीत मसुराच्या दाण्याएवढा जांभळा ठसा होता. ओला होता.

त्यांनी आवक शिक्का मारला. शिक्क्याच्या आवाजाबरोबर माझा फोन वाजला. दवाखान्यातल्या नर्स होत्या.

‘अहो, हललं! जोरात हललं. पट्टीच्या बाहेर गेली रेघ.’

मी त्या पायऱ्यांवर बसून रडलो. निदान रडता येत होतं.

त्याला आता पंधरा दिवस झाले. नोकरी गेली. दवाखान्यातून सोडल्यावर आम्ही गावीच आलो. आईला मी दोन वेळा भरवतो. लुंबिनीला उठवावं लागतं, बसवावं लागतं. हे एवढं लिहायला मला आठ दिवस लागले. प्रत्येक ओळीआधी दहा बोटं मोजतो. रोज मीटर घेऊन गावात जातो. चाळीस दारांत शून्य आहे. माझ्या दारात टिकटिक ऐकू येते, आणि मीटर लुंबिनीच्या पोटाजवळ नेलं की ती वाढते. बाळ हलतं. दहा वेळा नाही, दिवसभर हलतं. अख्ख्या गावात तेवढंच हलतं.

आज दुपारी तहसीलचा माणूस पाकीट देऊन गेला. कार्यालय आता सोमवारीच उघडणार, म्हणून फोन लावून उपयोग नव्हता. तरी सात वेळा लावला. मग पुन्हा वाचलं.

‘हरकतदार: बाळ आनंदराज. आपल्या हरकतीवरील सुनावणी मंगळवारी सकाळी अकरा वाजता ठेवली आहे. हरकतदाराने जातीने हजर राहावे. प्रतिनिधी चालणार नाही. गैरहजर राहिल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल.’

डॉक्टरांनी दिलेली तारीख दीड महिना पुढची आहे.

मी नोटीस घडी करून खिशात ठेवली. लुंबिनीला काही बोललो नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, हात दोन्ही बाजूंना पडलेले. साडीखाली पोटावर एकाच जागी लहानसा उंचवटा येत होता आणि जात होता. आतून कुणी कडी वाजवावी तसा.

‘सकाळपास्नं असंच करून राहिलंय ओ,’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ‘निघायचंय म्हनतंय.’

आज शनिवार आहे.