चिमट्यांना लटकलेली पापलेटं

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," खासगी गुप्तहेर कल्पिताने जाहीर केलं आणि गोराईच्या धक्क्यावर उतरताना कोळंबीच्या टोपलीत पाय घातला. तिचा मदतनीस परेश टोपलीवालीची माफी मागत मागे राहिला.

तिला बोलावून घेणाऱ्या लहू कोळ्याच्या अंगणात कोणी एका जागी उभं राहत नव्हतं. बोटींची इंजिनं विकणाऱ्या चंद्रप्रकाशशेठनी त्याच्यावरचा उधारीचा दावा जिंकला होता. कोर्टाच्या बेलिफाने लहूचा मोठा फ्रीजर जप्त करून लिलावापर्यंत लहूच्याच ताब्यात ठेवला होता. आज सकाळी घरचे साखरपुड्याला गेले, दुपारी परतले, तर फ्रीजर गायब.

"कोर्टाला वाटंल मीच लपवला," लहू येरझारा घालत म्हणाला. "आत टाकतील मला, मॅडम."

"लपवलास?"

"ह्या घरात? मला लपायला जागा नाय!"

चोराने मासे मात्र ठेवले होते. बोंबील वाळवायच्या बांबूंवर, बोंबलांच्या शेजारी, कपड्यांच्या चिमट्यांना दोन पापलेटं लटकत होती. बाकीची लहूच्या बायकोने, सगुणाने, काढून शेजारच्याच बर्फाच्या पेटीत टाकली होती.

शेजारचा प्रीतमही कोळीच; त्याच्याकडे टेम्पो होता, लहूशी जुनं भांडणही होतं. "मी लहूचं तोंड बघत नाय," तो म्हणाला, "त्याचा फ्रीजर काय बघू?"

लहूने फोन केल्यावर चंद्रप्रकाश आले. "मी तर महिनाभर इकडे फिरकलो नाही. लहूने बोट माझ्या नावावर करावी, मी तक्रार करणार नाही. मन मोठं आहे माझं."

"प्रीतमच," परेश कुजबुजला. "टेम्पो आहे ना!"

"परेश, बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात. चिमटा कशाला? आणि बर्फाची पेटी शेजारी असताना पापलेट उन्हात? लहू काय, प्रीतम काय, झोपेतही असं करणार नाहीत. भुरट्या चोराने मासेही विकायला नेले असते. हे त्याचं काम, ज्याला लहूनेच माल वाचवून फ्रीजर हलवला असं दाखवायचं होतं, पण ज्याने जन्मात मासा वाळवला नाही." ती वळली. "लहू घाबरला की बोट कोणाला मिळणार, शेठ?"

"निकाल माझ्या बाजूने आहे!" चंद्रप्रकाश ओरडले. "किती फेऱ्या मारल्या कोर्टात!"

"अजून मारा. लिलाव मागा, बँक खातं जप्त करायला सांगा. पण सगळं कोर्टामार्फत. स्वतः उचललंत की ती चोरी. फ्रीजर कुठाय?"

"गोदामात," शेठ पायरीवर बसले. "मासे नीट लटकवले होते हो..."

"लिलाव टळला नाही, लहू," कल्पिता म्हणाली.

"नसू दे. जेल तर टळली." दुपारपासून लहू पहिल्यांदाच खाली टेकला.

कल्पिता विजयी मुद्रेने निघाली. सगुणाने तिला फाटकाशी गाठलं. हातात थबथबणारी पिशवी.

"बाय, पेटीतला बर्फ सरला. फ्रीजर येईपर्यंत एवढी पापलेटं तुझ्या फ्रिजात ठेवशील?"