डॉक्टरीणबाईंची मेघवेस

सांगलीच्या वाचनालयात डॉ. अनुजा लेले खुर्चीत बसल्या, कपाळाला पट्टी बांधून घेतली आणि मनातल्या मनात वाचू लागल्या. समोरच्या पडद्यावर मेघवेस उभी राहिली. ढगांवर वसलेलं हे शहर सुहास खानविलकरांनी आपल्या दोन अद्भुत कादंबऱ्यांत रचलं होतं. 'मनःपट' हे यंत्र आल्यापासून वाचणाऱ्याच्या मेंदूत उमटणारं दृश्य सगळ्यांना बघता येऊ लागलं होतं, आणि लोक लेखकापेक्षा वाचक बघायला गर्दी करत होते.

खानविलकर पहिल्या रांगेत बसून जळत होते. त्यांनी लिहिलं होतं ते एवढंच, की बाजारात दिवे लागले. डॉक्टरीणबाईंच्या बाजारात मात्र एक विक्रेती वाऱ्यापुढे पदर धरून दिवा सांभाळत होती आणि भाव न पटलेलं गिऱ्हाईक दोन पावलं जाऊन परत येत होतं. दिवसभर लोकांचे दात उपटणाऱ्या बाईला हे सुचावं कसं? टाळ्याही तिलाच पडल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं त्यांच्या मनात आलं.

घरी त्यांनी स्वतः पट्टी बांधून आपलंच पान वाचलं. पडद्यावर करड्या भिंती आल्या, त्यांवर खोडलेली वाक्यं. शहर त्यांना दिसेनासंच झालं होतं. प्रकाशक तिसरा भाग मागत होता आणि प्रत्येक ओळीला 'हे तिला कसं दिसेल' हा विचार आडवा येत होता. शेवटी त्यांनी एका प्रकरणात मेघवेस जाळून टाकली. बाजार, वेशी, माणसं, सगळं.

त्यांच्या बायकोने, चारुशीलाने, ते वाचलं. "कथेची गरज म्हणून जाळलंत, की त्या बाईंवरच्या रागाने?"

माझं शहर आहे, मी वाट्टेल ते करीन, असं म्हणून ते उठून गेले.

छापण्याआधी एक प्रकरण मनःपटावर दाखवायची आता रीतच झाली होती. हे प्रकरण डॉक्टरीणबाईंनीच वाचावं, असा खानविलकरांनी हट्ट धरला. पडद्यावर आग लागली, बाजार कोसळला, वेशी ढासळल्या. मागच्या रांगेत कुणीतरी रडत होतं. टाळी एकही पडली नाही, आणि खानविलकरांना चक्क बरं वाटलं.

पण शेवटचं वाक्य संपलं तरी पडदा काळा होईना. राखेतून खाली डोंगराकडे एक वाट जात होती. ती त्यांनी कधी लिहिलीच नव्हती. डॉक्टरीणबाई हस्तलिखित मिटून बसल्या होत्या आणि वाट तशीच दिसत होती. यंत्र बिघडलं असावं म्हणून चालकाने तारा तपासल्या. यंत्र ठीक होतं.

खानविलकर उठून त्यांच्याजवळ गेले. "प्रकरण संपलंय, डॉक्टर. आता कुणाची वाट बघताय?"

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. "दुसऱ्या भागात तुम्ही पाणक्याच्या मुलीला औषधाची मुळी आणायला खाली पाठवलंत, सर. तिला परत आणायचं विसरलात. ती आज ना उद्या वर येईल. तिला काय सांगायचं?"