वकीलबाईंचं वाराचं नाव

मानसा, पोरीला वकिलीला घालू का म्हणून विचारतेस, तर हो की नाही ते मी सांगणार नाही. मी शाळेची पायरी चढलेली नाही, अंगठाबहाद्दर बाई. माझ्या नातीचं काय झालं तेवढं सांगते, मग तुझं तू ठरव. कंदील जरा अलीकडे ओढ.

उत्तरेकडून धुळीचा वारा सुटतो ते दिवस होते. रविवार होता. पहाटेच्या बसनं मी आपल्या मांपोंग गावाहून राजधानीला, अक्र्याला निघाले. काम साधंच. ताडफळांचं कालवण केलं होतं, सुका मासा घालून; ते नातीला पोचवायचं आणि दुसऱ्या दिवशी मोतीबिंदू दाखवून परत यायचं. मांडीवर डबा आणि डब्यावर हात. शेजारची बाई म्हणालीसुद्धा, "मावशी, डब्यात सोनं आहे का?"

नात म्हणजे माझ्या थोरल्या लेकीची मुलगी. रविवारी जन्मली म्हणून अकोसुआ. वाराचं नाव काही आईबाप ठेवत नाहीत, जीवच ते बरोबर घेऊन येतो आणि त्याच नावाला ओ देतो. हे तुला मी काय सांगायचं? पण पोरगी तो पांढऱ्या केसांचा टोप घालून कोर्टात उभी राहिली आणि गावाची जीभच फिरली. वकीलबाई आल्या, वकीलबाई जेवल्या. तिची आई फोनवर म्हणायची, "काय वकीलबाई, बऱ्या आहात ना?" आधी थट्टेनं, मग सवयीनं. मीही म्हणायला लागले. मिरवायला कुणाला नको असतं?

तिच्या बिल्डिंगशी पोचले तेव्हा दुपार झाली होती. शहर सगळं चर्चमध्ये, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आभाळात धूळ इतकी की सूर्य उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा फिका दिसत होता. पहारेकरी इद्रिसू जागेवर नव्हता. तिसऱ्या मजल्यावर गेले, दारावर थाप मारायला हात उचलला, तोच दार उघडलं.

अकोसुआ होती. अनवाणी, अंगाला जुनं निळं कापड गुंडाळलेलं. तिनं मला बसवलं, पाणी दिलं. माझं पिऊन झाल्यावर समोर बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आजी, इथं सगळं ठीक आहे. तुझ्याकडचं सांग. काय म्हणून येणं केलंस?"

आधी पाणी, मग येण्याचं कारण. एवढी साधी रीत, पण तिला ती पाळायला सवड मिळून किती वर्षं झाली होती! मला भरून आलं. मी एकेक सांगत बसले. शेळीला जुळं झालं, चर्चच्या बायकांची भांडणं, माझा डोळा. ती ऐकत होती. कसली घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. डबा उघडला तर तिनं नुसता वास घेतला, घास घेतला नाही. मी तिचे केस विंचरायला घेतले. टाळू गार लागली, ओढ्यातल्या दगडासारखी. आणि मग माझ्या लक्षात आलं... त्या घराला वासच नव्हता. ना तेलाचा, ना साबणाचा, ना माणसाचा.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"आजी, पोचलीस का गं? ऐक, मी ऑफिसात आहे. किल्ली इद्रिसूकडे ठेवलीय. आत जाऊन पड जरा. मला उशीर होईल."

माझ्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात तिची वेणी.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"अगं, असं काय करतेस? मी! वकीलबाई!"

फोन बंद झाला. मी वेणी सोडली नाही. सोडली असती तर काय झालं असतं, कोण जाणे. ती मान न वळवता म्हणाली, "घाबरू नकोस, आजी... तिकडे तिच्या ऑफिसात फार गार असतं. आणि मला कुणी हाक मारत नाही."

"कधीपासून इथं बसून आहेस, बाळ?"

"दिवस मी मोजत नाही... मोजायचं काम तिचं."

जीव अंगावर रुसला की बाहेर येऊन बसतो, हे मी माझ्या आजीकडून ऐकलं होतं. उपायही तिनंच सांगितला होता. दोघांना एका उंबऱ्यापाशी आणायचं आणि वाराच्या नावानं तीन हाका मारायच्या. अंगानं ओ दिली तर जीव आत. नाही दिली तर जीव तिथंच सोडून निघायचं. तो अंगाच्या आसपास राहिला, तर आज ना उद्या वाट सापडते. पण त्याला आपल्याबरोबर घरी आणायचं नाही. कधीच नाही.

मी तिचा हात धरून खाली उतरले. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "दोघींना कुठं सोडू, मावशी?" म्हणजे त्यालाही ती दिसत होती.

ऑफिसात माणूस नव्हतं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना काचा, कुठंतरी एक यंत्र घुमत होतं. शेवटच्या खोलीत दिवा होता. अकोसुआ दाराबाहेर भिंतीशी थांबली. मी आत गेले.

कागदांच्या ढिगाऱ्यामागून नातीनं डोकं वर काढलं. "आजी! इथं कशाला आलीस धडपडत? बस, सहा मिनिटं दे मला."

"सहाच का गं?"

"आमचा दिवस सहा-सहा मिनिटांनी कापलेला असतो. कुणासाठी किती गेली, ते लिहायला लागतं, त्यावर बिल होतं."

"माझी कुणाच्या नावावर लिहिशील?"

"तुझी लिहिता येत नाहीत, आजी."

मी म्हटलं, "सोड हे. गावी चल."

तिनं पेन खाली ठेवलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण आवाज धारदार. "सोडते. मग तुझ्या घरावरचे पत्रे कुणी घातले ते सांग. माझ्या भावाच्या, क्वाबेनाच्या कॉलेजचं काय? तुझ्या डोळ्याचं काय? आणि आजी, मला हे आवडतं गं. मागच्या महिन्यात एका विधवेला दिरांनी घराबाहेर काढलं होतं. मी तिला पुन्हा तिच्या घरात बसवलं. डोळ्याला डोळा न लागू देता. यात माझं काय चुकलं, सांग!"

काय सांगणार, मानसा? सगळं खरं होतं. त्या विधवेनं तिचे पाय धरले असतील. मी तरी काय, तिच्या पगाराच्या पत्र्याखालीच झोपते.

मी दाराशी आले आणि हाक मारली, "अकोसुआ."

नात लिहीत होती.

"अकोसुआ!"

बोळातून अनवाणी पावलं वाजली. माझ्या पाठीशी येऊन थांबली. मानेवर गार श्वास लागला.

"अकोसुआ..."

नातीनं वर पाहिलं. माझ्याकडे, मग माझ्या मागे. तिथं तिला काही दिसलं नाही. "कुणाला बोलावतेस, आजी? बरोबर कुणी आलंय का?"

मी हळूच म्हटलं, "वकीलबाई."

"हं, बोल ना," ती म्हणाली. लगेच.

तिसरी हाक वाया गेली होती. जीव तिथंच सोडून, मागे न बघता निघायचं होतं मला. पण त्या गार फरशीवर अनवाणी उभी राहून अकोसुआ म्हणाली, "आजी, घरी जाऊ या?" आणि मला तीच हवी होती, मानसा. पाणी देऊन येण्याचं कारण विचारणारी. टोप घातलेली नको होती. मी तिचा हात धरला आणि गावी घेऊन आले. चोरीच ती. स्वतःच्या नातीकडची.

तू तिला पाहिली आहेस. माझ्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसते तीच. तुला वाटलं, रजेवर आलीय.

तिकडे वकीलबाईंचं छान चाललंय. कंपनीत भागीदार झाल्या. दमत नाहीत, आजारी पडत नाहीत, झोपही लागत नाही म्हणतात. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, क्वाबेना इंजिनिअर झाला. पगार खोटा नाही गं. त्या पैशानं जे उभं राहिलं तेही खोटं नाही. रविवारी न चुकता फोन येतो. दर वेळी वाटतं, आज हिला हाक मारून सांगावं. पण सांगायचं काय? तुझी वस्तू माझ्याकडे आहे म्हणून?

गेल्या रविवारी फोन सुरू होता आणि कोंबडी माझ्या टोपलीत शिरली. अकोसुआ खळखळून हसली. तिकडून वकीलबाईंनी लगेच विचारलं,

"आजी, कोण हसलं गं?"

"शेजारची."

"छान हसते... कुठं ऐकलंय कळत नाही. तिला पुन्हा हसायला सांग ना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, अजून वाट बुजलेली नाही. धावत गेले आणि फोन अकोसुआच्या कानाला लावला. तिनं मन लावून ऐकलं. तिकडून तोच आवाज येत होता... "हॅलो? हॅलो? कोण आहे?"

मग तिनं फोन माझ्या हातात परत दिला आणि दबक्या आवाजात विचारलं,

"आजी... ही बाई कोण?"