दादांना 'चला' म्हणायचं राहिलं

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्याच्यावर हे बेतलं तो सोमनाथ माझा मावसभाऊ, आणि थापा मारणं त्याला जमतच नाही. मागच्या सप्टेंबरातला गुरुवार, भर दुपार. जागा म्हणाल तर इगतपुरी आणि नाशिकच्या मधलं एक जुनं स्टेशन. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या तुमच्यातलेच दोघं-चौघं रील काढायला जातील.

सोमनाथचे वडील, नाव कारभारी, इगतपुरीत वारले. घरात सगळे त्यांना दादा म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अस्थी घेऊन सोमनाथ आणि त्याची भागुबाई आत्या पॅसेंजरने नाशिकच्या रामकुंडावर निघाले.

आत्याने तिकिटं तीन काढायला लावली.

त्यांच्याकडे रीतच तशी. गेलेल्या माणसाला सांगत न्यायचं. गाडीत चढताना 'दादा, चला'. उतरताना 'दादा, उतरा'. सांगायला विसरलं की ते माणूस तिथंच राहतं. सोमनाथ सातपूरला कंपनीत मशीन चालवतो. त्याला हे सगळं थोतांड वाटायचं, पण आत्यापुढे बोलायची त्याची काय बिशाद.

दोघांच्या मध्ये तिसरी जागा मोकळी ठेवली होती. डब्यात पाय ठेवायला जागा नाही...

तरी त्या जागेवर कोणी बसेना.

माणसं यायची, जागेकडे बघायची आणि अंग चोरून पुढे जायची. एका बाईने तर डोक्यावरचा पदर सावरला.

मग सिग्नलला गाडी थांबली. आत्याचा डोळा लागला होता. बाहेर इंग्रजांच्या काळातलं दगडी स्टेशन, कधीचं बंद पडलेलं. फलाटाला लागूनच धरणाचं पाणी. सोमनाथला जुन्या इमारतींचे फोटो काढायचा भारी नाद. अस्थींचं मडकं छातीशी धरून तो उतरला. 'दादा, उतरा' तेवढं मात्र म्हणाला.

दोनच फोटो झाले, तोच भोंगा वाजला. सोमनाथ धावत गाडीत चढला.

पुढच्याच मिनिटाला एक माणूस आला आणि त्या तिसऱ्या जागेवर... धपकन बसला.

आत्या जागी झाली. त्या माणसाकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं.

"सोमा, चढताना म्हनला व्हता ना, चला म्हनून?"

सोमनाथने मडकं आणखी जवळ ओढलं.

"हो. म्हणालो."

अस्थी रामकुंडात सोडल्या. पण आपण नुसतं मडकंच आणलं, बाप मागे राहिला, हे त्याला आतून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मोटरसायकलवरून त्या स्टेशनवर गेला. लख्ख ऊन पडलं होतं. चिटपाखरू नव्हतं. वेटिंग रूमच्या दाराला गंजलेलं कुलूप. त्याने पाण्याकडे तोंड करून हाक मारली.

"दादा, चुकलो मी. चला."

कुलूपबंद खोलीत एक बाक सरकला...

मग दुसरा.

मग बोचकी उचलल्याचा आवाज. काठ्या. पावलं...

एकाची नव्हती.

सोमनाथ पळत जाऊन गाडीवर बसला. किक मारली. तेवढ्यात मागची सीट खाली दबली. मागे बघायची त्याची छाती झाली नाही.

"दादा, तुम्हीच ना?"

त्याने गाडी सरळ नाशिकच्या रस्त्याला घातली.

रामकुंडावर पोचून तो म्हणाला, दादा, उतरा. तीनदा म्हणाला. गाडी हलकी झाली नाही.

याला आता वर्ष होत आलं. गाडी त्याने दोनदा गॅरेजला दाखवली, मागचे शॉकअप बदलले. तरी ती मागून दबलेलीच असते. परवा मी सहज म्हटलं, सोमा, मला सिडकोपर्यंत सोड. त्याने मान खाली घातली.

"मागं कोणीतरी बसलंय," तो म्हणाला. "दादा असले तर त्यांना उठा कसं म्हणू? आणि नसले तर..."

मी रिक्षाने गेलो.